बागेत डिस्क गोल्फ मांडायचा असेल, तर आधी चुकलेल्या डिस्कचा माग काढा

नमस्कार. तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: कोल्हापुरात तुमच्या भागात महापालिकेची साधारण चार एकरांची बाग आहे. कडेनं चालायचा ट्रॅक, एका कोपऱ्यात घसरगुंडी-झोपाळे, दुसऱ्या कोपऱ्यात ओपन जिम, मधे हिरवळ आणि बरीच जुनी झाडं. तालीम मंडळातल्या पोरांनी व्हिडिओ बघून डिस्क गोल्फचं मनावर घेतलंय. तिथं नवख्यांना जमेल असा नऊ बास्केटचा कोर्स बसेल का, अंतरं किती ठेवायची आणि बास्केट कुठून आणायच्या, हे तुम्हाला हवंय.

शाळांची मैदानं, कॉलेजची आवारं, कुणाच्या शेताजवळची मोकळी जागा अशा ठिकाणी मी हे छोटे कोर्स मांडत आलोय आणि पहिल्यांदाच डिस्क हातात घेणाऱ्यांना शिकवत आलोय. त्यावरून सांगतो, बास्केट आणि अंतरं ही मागाहूनची कामं आहेत. सार्वजनिक बागेत सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवावी लागते: नवख्याच्या हातून भलतीकडं सुटलेली डिस्क कुठं जाऊन पडेल, आणि त्या वेळी तिथं कोण असेल. चांगली फेक कशी जाईल हे सगळेच बघतात. कोर्स आखायचा असतो तो वाईट फेकीवरून.

मंडळातल्या ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, डिस्क फेकायची. ती जिथं थांबेल तिथून पुढची फेक. असं करत साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये ती कमीत कमी फेकींत टाकायची. बास्केटपासून जो सगळ्यात लांब असेल तो आधी फेकतो. एका टीपासून एका बास्केटपर्यंतचा टप्पा म्हणजे एक होल, आणि नवख्यांच्या कोर्सवर प्रत्येक होलचा पार, म्हणजे अपेक्षित फेकींचा आकडा, तीन धरतात. एवढं समजलं की खेळायला लागता येतं, आणि बागेत हा खेळ रुजू शकतो तो याच साधेपणामुळं.

आता काही गोष्टी मी बाग न बघता सांगू शकत नाही. ट्रॅक आणि हिरवळ यांच्यामध्ये झाडांची रांग आहे की नुसतीच मेंदीची बुटकी कुंपणं, जमीन कुठल्या अंगाला उतरते, कडेला उघडं गटार किंवा ओढा आहे का, गर्दी नक्की किती वाजता असते, बाग दुपारी बंद असते का, या सगळ्यावर उत्तर बदलतं. त्यामुळं खाली सांगतोय ती विचार करायची पद्धत. आकडे तुमच्या बागेत जाऊन तुम्हीच घालायचे.

नऊ होलचं आधी सांगून टाकतो: चार एकरांत, चालणाऱ्यांसकट, नऊ बसणार नाहीत. हिशेब गुंठ्यांत करू. पंचेचाळीस मीटरचं एक होल धरा. बास्केटच्या मागं आणखी पंधरा मीटर मोकळे हवेत, कारण नवखा माणूस एक तर बास्केटच्या बराच अलीकडं टाकतो, नाही तर पार डोक्यावरून पलीकडं. टीच्या मागं उभं राहणाऱ्यांसाठी पाच मीटर. लांबी झाली पासष्ट. रुंदीला दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मीटर, म्हणजे तीस. पासष्ट गुणिले तीस म्हणजे १,९५० चौरस मीटर, जवळपास वीस गुंठे. एका होलला अर्धा एकर. चार एकरांचे एकशे साठ गुंठे होतात. त्यातून ट्रॅक, खेळणी, जिम, फुलांचे वाफे, स्वच्छतागृह, दारासमोरची जागा वजा केली की हातात शंभरेक गुंठे उरतील. म्हणजे पाच होल. सहावं बसवायचा मोह होईल, आणि ते सहावंच नेमकं झोपाळ्यांकडं तोंड करून बसेल.

पाच बास्केट म्हणजे कमी खेळ असं मात्र समजू नका. प्रत्येक होलला एक जवळची आणि एक लांबची अशा दोन टी त्याच रांगेत ठेवल्या, तर दोन फेऱ्यांत दहा होलचा खेळ होतो आणि दुसऱ्या फेरीत तेच होल वेगळं वाटतं. पोरांना नऊचाच आकडा हवा असेल तर शेवटचं एक सोडून द्या. शिवाय पाच बास्केटचा खर्च पाच बास्केटचाच.

मांडणीचा खरा कस इथून पुढं आहे. उजव्या हातानं, हात छातीसमोरून आडवा नेऊन फेकलेली डिस्क शेवटी वेग कमी झाला की डावीकडं कलत खाली येते. डावखुऱ्याची उजवीकडं. हा डिस्कच्या फिरकीचा गुण आहे, फेकणाऱ्याची चूक नव्हे. बहुतेक लोक उजव्या हाताचे, त्यामुळं पाच-पन्नास नवख्यांच्या फेकी पाहिल्यात तर बहुतेक डिस्का सरळ रेषेच्या डावीकडं पडलेल्या दिसतील. यावरून लोक ठरवतात की डावी बाजू मोकळी ठेवली की झालं, उजव्या बाजूला ट्रॅक असला तरी चालेल.

मला हे पटत नाही. डावीकडं जाणारी डिस्क शक्यतो दमलेली असते, पडता पडता जाते. उजवीकडं जाते ती वेगळी. हात पुढं नेताना बोटं उशिरा सुटली की डिस्क उजवीकडं निसटते, आणि ती पूर्ण ताकदीनं, खांद्याच्या उंचीवरून जाते. अशा फेकी संख्येनं कमी असतात, पण एखाद्याला लागायचीच असेल तर हीच लागते. म्हणून उजव्या अंगाला ट्रॅक असेल तर मी तिथं दाट झाडं किंवा बरंच अंतर असल्याशिवाय होल टाकत नाही. डाव्या अंगाला मात्र पंधरा-वीस मीटर मोकळे असले तर भागतं.

मग ट्रॅक ठेवायचा कुठं? टीच्या मागं. कडेनं ट्रॅक फिरणाऱ्या बागेत याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही. खेळाडूची पाठ ट्रॅककडं, तोंड बागेच्या मध्याकडं. फेकलेली डिस्क चालणाऱ्यापासून दूरच जाते. यात दोन अडचणी येतात. पहिली, सगळ्या बास्केट मधे गोळा होतात आणि एका होलची डिस्क दुसऱ्या होलवरच्या माणसाच्या पायाशी येते. त्यासाठी मधल्या बास्केट एकमेकींपासून निदान तीस मीटरवर ठेवा आणि समोरासमोरच्या टी अशा सरकवा की दोघांचं तोंड एकाच रेषेत येणार नाही. दुसरी अडचण, प्रत्येक होल संपलं की पुढच्या टीसाठी परत कडेला चालत यावं लागतं. येऊ द्या. लोक बागेत चालायलाच येतात. फक्त ही परतीची वाट दुसऱ्या होलच्या मधून जाता कामा नये. आणि पुढची टी मागच्या बास्केटच्या नेमकी पलीकडं ठेवू नका, डोक्यावरून गेलेली डिस्क तिथंच उतरते.

दिशांचा विचार करताना सूर्य विसरू नका. सकाळी खेळणार असाल तर थेट पूर्वेकडं आणि संध्याकाळी खेळणार असाल तर थेट पश्चिमेकडं फेकायला लावू नका. फेकणाऱ्याला बास्केट दिसत नाही इथपर्यंत ठीक, पण समोरून कुणी येतंय हेही दिसत नाही. वाऱ्याचं सांगायचं तर, आपल्याकडं पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असतो. समोरून वारा आला की डिस्क वर उचलली जाते आणि उजव्या हाताची फेक उजवीकडं भरकटते. पाठीमागून आला की लवकर खाली बसते. नवख्याला समोरच्या वाऱ्यात काहीच सुधरत नाही. त्यामुळं पश्चिमेकडं तोंड असलेली होल सगळ्यात छोटी ठेवावीत.

झाडांबद्दल. व्हिडिओत दिसतात तसे झाडांमधले अरुंद बोळ बघून पोरांना ते हवेसे वाटतील. नवख्यांच्या कोर्सवर झाड रस्त्यात नको, कडेला हवं. टी आणि बास्केट यांच्यामध्ये निदान दहा-बारा मीटर रुंदीची मोकळी वाट असावी. झाडांचा खरा उपयोग भिंतीसारखा करायचा: फेअरवे (टी ते बास्केट ही खेळाची पट्टी) आणि ट्रॅक यांच्यामध्ये जुन्या झाडांची रांग आली की तुमचं निम्मं काम फुकटात झालं. अशोकाची दाट रांग असेल तर फारच उत्तम. वर्षावृक्षाचा पसारा दिसायला सुंदर, पण खालच्या फांद्या उंचावर असल्यामुळं बुंध्यांमधून डिस्क आरपार जाते, त्याला भिंत समजू नका. वडाच्या पारंब्यांत गेलेली डिस्क कुठं उसळेल याचा नेम नाही. नवीन लावलेली, जाळी घातलेली रोपं असतील तर त्यांच्यापासून चार-पाच मीटर लांबच राहा. कोवळ्या सालीवर तेच तेच फटके बसले की झाड खरंच खराब होतं.

आणि डिस्क झाडात अडकणारच. अडकली की पोरं आधी चप्पल फेकतात, मग दगड, मग दुसरी डिस्क. हे पहिल्या दिवशीच बंद करा. बागेतल्या माळीमामांच्या खोलीत एक लांब बांबूची आकडी ठेवायची, आंबे-चिंचा काढायला वापरतात तशी, आणि डिस्क काढायची ती त्या आकडीनंच. माळीमामांशी संबंध चांगले ठेवा, हे वेगळं सांगायला नको. कोर्स टिकला तर त्यांच्यामुळं टिकेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि याला जवळपास काहीच खर्च नाही. एकही खड्डा खणण्याआधी चाचणी करा. बास्केटच्या जागी काहीही उभं करा: खुर्चीवर ठेवलेला तेलाचा रिकामा डबा, बादली, काठीला बांधलेलं फडकं. टीच्या जागी दोन विटा. मग खेळ न येणारी माणसं आणा. तुमच्यातली चांगली फेकणारी पोरं इथं कामाची नाहीत. बहिणी, वहिनी, काका, शेजारची सातवीतली मुलं यांना घेऊन या. प्रत्येकानं दहा-दहा फेकी टाकायच्या, आणि डिस्क जिथं पहिल्यांदा टेकली तिथं मूठभर फक्की टाकायची, मैदान आखायला वापरतो तीच. पाच होलवर एवढं झालं की गवतावर पांढऱ्या ठिपक्यांचा एक पुंजका दिसतो. त्या पुंजक्याची बाहेरची कड हा तुमचा खरा फेअरवे. कागदावर काढलेली रेष विसरून जा.

ही कड ट्रॅकवर, बाकड्यावर किंवा वाळूच्या हौदावर जात असेल तर ते होल फिरवा किंवा आखूड करा. तरीही जात असेल तर सोडून द्या. जाळी लावू, पाटी लावू, एक माणूस उभा करू, असले उपाय पहिल्या महिन्यात चालतात आणि नंतर कुणी करत नाही. ठिपक्यांचा फोटो उंचावरून काढून ठेवा, कुणाच्या तरी गच्चीवरून मिळाला तर छानच. पुढं उपयोगी पडणार आहे.

ही चाचणी सकाळी साडेसहाला करू नका, पण साडेसहाला जाऊन नुसते बसा. कोण कुठून आत येतं, कोण ट्रॅक सोडून गवतावरून तिरकं जातं, योगासनांची सतरंजी कुठं पडते, आजोबांचा हास्यक्लब कुठल्या झाडाखाली असतो, हे लिहून काढा. संध्याकाळी सहाला पुन्हा. नकाशावर जी वाट नाही ती लोकांच्या पायांनी पडलेली असते, आणि तुमचं होल बरोबर तिच्यावर येतं.

अंतरांचं थोडक्यात. पहिल्यांदा खेळणारा मोठा माणूस पटरनं, म्हणजे जवळच्या फेकीसाठीच्या डिस्कनं, तीस ते पंचेचाळीस मीटर टाकतो, दहा-बारा वर्षांचं मूल पंधरा ते पंचवीस. त्यामुळं लांबच्या टीपासून पंचेचाळीस-पन्नास मीटर आणि जवळच्या टीपासून पंचवीस-तीस, याच्या पुढं जायची गरज नाही. पहिलं होल सगळ्यात सोपं ठेवा. शंभर मीटरचं एखादं होल दिमाखदार दिसतं, पण तिथं नवख्याला सहा-सात फेकी लागतात, मागं रांग लागते, आणि रांगेतली माणसं कंटाळून ताकद आजमावायला लागतात. आपल्याकडची पोरं तालमीतली, नाही तर शाहू स्टेडियमवर पेठेच्या फुटबॉल टीममागं ओरडणारी. ‘किती लांब गेली’ यावर पैजा लागायला वेळ लागत नाही. छोट्या होलवर ताकदीचा उपयोगच राहत नाही, डिस्क पलीकडं जाते आणि माणूस आपोआप मवाळ होतो. पन्नास मीटरच्या होलवर तिसऱ्या फेकीला साखळी वाजली की नवखा दुसऱ्या दिवशी परत येतो. मला तरी नवख्यांच्या कोर्सचं दुसरं काही माप माहीत नाही.

इथवरचं एकत्र करतो: पाच होल, पाठ ट्रॅककडं, उजव्या अंगाला झाडं किंवा भरपूर जागा, मोकळी वाट, आखूड अंतर, आणि हे सगळं फक्कीच्या ठिपक्यांनी पडताळलेलं. हे जमलं तर बाकीचं सामानाचं काम आहे.

डिस्कबद्दल एक नियम पाटीवरच लिहा. डिस्क गोल्फच्या बहुतेक डिस्कांवर चार आकडे छापलेले असतात. पहिला आकडा ती किती वेगानं फेकली तर नीट उडेल ते सांगतो, दुसरा किती तरंगेल, तिसरा आणि चौथा उडताना सुरुवातीला आणि शेवटी कुणीकडं वळेल ते. पटरचा पहिला आकडा दोन-तीन असतो, मधल्या अंतराच्या मिडरेंजचा चार-पाच, आणि लांब जाणाऱ्या ड्रायव्हरचा नऊपासून पुढं. बागेत पाचच्या पुढची डिस्क आणायची नाही, एवढं ठरवून टाका. ड्रायव्हरची कड पातळ आणि टोकदार असते, लागली तर जखम होते. वर नवख्याला तिचा काही फायदाही नाही. तेवढा वेग हाताला नसतो, त्यामुळं ती थोडी पुढं जाऊन झपकन डावीकडं आपटते, आणि माणूस म्हणतो मला खेळ येत नाही. चौथा आकडा शून्य किंवा एक असलेली पटर किंवा मिडरेंज, वजन दीडशे ते एकशे पासष्ट ग्रॅम, एवढं सुरुवातीला पुरतं. एकाला एक डिस्क बास.

घरात अल्टिमेट फ्रिस्बीची डिस्क असेल तर चाचणीला तीही चालेल. ती १७५ ग्रॅमची, पण सुमारे सत्तावीस सेंटीमीटर रुंद आणि बोथट कडेची असते. डिस्क गोल्फची डिस्क साधारण एकवीस सेंटीमीटरची. या खेळाची संघटना पीडीजीए हिच्या नियमानं व्यासाच्या दर सेंटीमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त वजन चालत नाही, म्हणजे एकवीस सेंटीमीटरला साधारण १७४. छोट्या आकारात तेवढंच वजन, म्हणून ती जास्त जोरात लागते. रंग भगवा, गुलाबी किंवा पिवळा घ्या. हिरवी डिस्क आपल्या पावसाळी गवतात गेली की गेली. रंकाळ्याच्या कडेला खेळायचं का असंही पोरं विचारतील. तिथं फिरायला येणाऱ्यांची गर्दी आहे, आणि पाण्यात गेलेली डिस्क बहुधा बुडते. मोठा, लांब होलचा कोर्स करायची हौस पुढं कधी आलीच तर शिवाजी विद्यापीठासारख्या मोठ्या आवारात परवानगी मागून बघा, शहरातल्या बागेत नको.

बास्केट परदेशातून मागवायची घाई करू नका. लोखंडाचं वजन आणि वाहतूक यांचाच खर्च अंगावर येतो. कोल्हापुरात बसून लोखंडी वस्तू बाहेरून मागवायची हे मला तर बरोबरच वाटत नाही. उद्यमनगरात फॅब्रिकेशनवाल्याला मापं दिली की काम होतं: मधला पाइप, वरचं कडं, त्यातून सुटणाऱ्या साखळ्यांचे दोन थर, बाहेरचा आणि आतला, आणि खाली टोपली. टोपलीची वरची कड जमिनीपासून ८२ सेंटीमीटरवर असावी, त्यात सहाएक सेंटीमीटर इकडंतिकडं चालतं. साखळी गॅल्वनाइज्डच घ्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंजते. फार जाड घेऊ नका, डिस्क तिच्यावर आदळून परत येते. बारीक घेतली तर डिस्क आरपार जाते. एक बास्केट करून घ्या, आठवडाभर तिच्यावर फेका, मग बाकीच्या सांगा. कड्या वेल्ड करून घ्या, नट-बोल्टनं जोडलेली साखळी उघड्या बागेत फार दिवस राहत नाही.

पैसे जमेपर्यंत साखळी नसली तरी बिघडत नाही. या खेळाचा पहिला कायमस्वरूपी कोर्स १९७५ साली लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह बागेत एड हेड्रिक यांनी मांडला, तेव्हा तिथं नुसते खांब होते. डिस्क खांबाला लागली की होल संपलं. मग लागली-नाही लागली यावर भांडणं व्हायला लागली, आणि त्यातून त्यांनी साखळ्यांची बास्केट काढली, १९७७ मध्ये तिचं पेटंट मिळालं. हेड्रिक २००२ साली गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणं त्यांची राख मिसळून डिस्का तयार केल्या गेल्या. खेळाचं वेड म्हणजे काय ते यावरून कळतं. सांगायचं तात्पर्य एवढंच की रंगवलेल्या पाइपांवर दोन-तीन महिने आरामात निघतात. भांडणं होतील, चहावर मिटवा.

बास्केट जमिनीत थेट गाडू नका. आधी काँक्रीटमध्ये एक बाहेरचा पाइप बसवायचा, बास्केटचा पाइप त्यात उतरवायचा आणि कुलूप लावायचं. प्रत्येक होलला असे दोन पाइप, एकमेकांपासून दहा-बारा मीटरवर. कारण बास्केटच्या भोवती माणसं सारखी उभी राहतात, तिथलं गवत जातं, आणि जून-जुलैत तिथं तांबड्या चिखलाचा गोल तयार होतो. जागा बदलत राहिली की गवत सावरतं. बास्केटच्या भोवतीची जमीन सपाट बघा. उतारावर बास्केट लावली की हुकलेली डिस्क कडेवर उभी राहते आणि चाकासारखी गडगडत गटारात जाते. टीसाठी काँक्रीटचा कट्टा लागत नाही. दीड मीटर रुंद आणि दोन-तीन मीटर लांब मुरमाची चोपलेली पट्टी पुरते. बागेत पळत येऊन फेकायला बंदी ठेवा, उभ्यानंच फेकायचं. पन्नास मीटरला पळायची गरज नाही, आणि ओल्या मुरमावर पाय घसरला की डिस्क कुठं जाईल ते वर सांगितलंच आहे.

माणसांचं एक सांगतो. चालणाऱ्याचा हक्क पहिला, कायम. समोर कुणीही असेल तर फेकायचं नाही, थांबायचं. ‘जरा बाजूला व्हा’ असं कुणाला म्हणायचं नाही. डिस्क भलतीकडं गेलीच तर परदेशात ‘फोर’ ओरडतात, आपल्याकडं त्याचा उपयोग शून्य. ‘सांभाळा!’ ओरडा, मोठ्यानं आणि लगेच. खेळाच्या वेळा चालणाऱ्यांच्या वेळा सोडून ठेवा, आणि त्या वेळा त्यांनाच विचारून ठरवा. ज्येष्ठ नागरिकांना पहिल्याच दिवशी बोलवून त्यांच्या हातात डिस्क द्या. पंचवीस मीटरवरून एखाद्या आजोबांची डिस्क साखळीत बसली की तक्रारीचा अर्ज लिहिणारा हातच तुमच्या बाजूला येतो. हे मी गमतीनं म्हणत नाही.

परवानगीसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडं जा, आणि पहिल्याच अर्जात कायमचा कोर्स मागू नका. दसऱ्यानंतर पाऊस थांबला, जमीन वाळली की दोन महिन्यांची तात्पुरती मांडणी मागा: खणकाम नाही, उचलून नेता येतील असे खांब, ठरलेल्या वेळा, जबाबदार माणसांची नावं. झाडाची एक फांदीही परस्पर तोडू नका, १९७५ च्या झाडांच्या कायद्यानं त्याला परवानगी लागते. झाडाला खिळा मारून पाटी लावू नका, पाट्या स्वतःच्या खांबावर. पुढं खणायची वेळ आली तर पाण्याची लाइन आणि दिव्यांची केबल कुठून गेलीय ते आधी विचारा.

समोरचे साहेब पहिला प्रश्न विचारतील तो ‘कुणाला लागलं तर?’ हाच. त्याला तोंडी उत्तर देऊ नका. फक्कीच्या ठिपक्यांचा फोटो आणि त्यावरून काढलेला नकाशा अर्जाला जोडा: प्रत्येक होलची दिशा, ठिपक्यांची बाहेरची कड, तिथून ट्रॅकपर्यंतचं मोजलेलं अंतर, आणि धोका दिसला म्हणून तुम्ही स्वतःहून सोडून दिलेली होल कुठली तेही. सोडलेली होल नक्की दाखवा. नकाशा तयार झाला की मला पाठवलात तर बघून सांगेन. त्यावर उत्तर दिशा आणि ट्रॅकवर गर्दी असण्याच्या वेळा तेवढ्या लिहा.